अध्यक्षांचं पाऊल

आमचे अध्यक्ष लग्नाला आले, की वधूवरांच्या आजूबाजूची माणसं आपोआप दोन पावलं मागे सरकायची. मंगलाष्टकं सुरू झाली की लोक अक्षता कशाही भिरकावतात. निम्म्या जातात भटजींच्या टाळूवर, काही वाजंत्र्यांच्या सनईत. अध्यक्षांना ते पाहवायचं नाही. ते मांडवात पुढे यायचे, डावा पाय घट्ट रोवायचे, मूठ कमरेपासून उचलून मनगटाला हलका झोल द्यायचे, आणि अक्षता अशा अर्धगोलात सुटायच्या की नवरा, नवरी आणि दोघांचे मामा, सगळ्यांना सारख्या मिळायच्या. कारंज्याच्या एका लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं मध्येच थांबवली. "थांबा हो महाराज," म्हणाले, "नवरदेवाच्या आंगावर लय पडल्या, नवरीकडं कोरडंच हाय." नवरीची आई आधी चिडली, आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. त्यानंतरच्या अक्षता पाहुण्यांनी ओळीत उभं राहून टाकल्या.

हा माणूस पोटासाठी दुसऱ्यांच्या वावरात खत फेकायचा. वावर म्हणजे शेत; आमच्या वऱ्हाडात शेत हा शब्द शाळेच्या पुस्तकापुरताच. गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला तालुका होता. मोठा दुष्काळ सरला होता, हायब्रीड ज्वारी गावोगाव पोचली होती, आणि तिच्या पाठोपाठ युरियाच्या बोऱ्या जऊळक्याच्या स्टेशनावर उतरायला लागल्या होत्या. शेणखत कसं टाकायचं हे लहान पोरालाही ठाऊक होतं. पण हे पांढरं, साखरेसारखं खत कुणी भाजीत मीठ घालावं तसं चिमटीनं टाकी, तर कुणी एका जागी ओतून मोकळा होई. पीक कुठे करपायचं, कुठे पिवळंच राहायचं, आणि शिव्या मात्र खत फेकणाऱ्या मजुरांच्या वाट्याला यायच्या. त्यात मजूर एकमेकांची कामं पळवायचे ते वेगळंच. अध्यक्षांनी शिरपूरच्या आसपासची अशी वीस-पंचवीस बायामाणसं गोळा केली आणि खत-पसरणी मंडळ काढलं. पहिल्या सभेत तेच अध्यक्ष झाले. दुसरं कुणी उभं राहिलं नाही. त्यांनी राहू दिलं नाही, असं त्यांची बायको सांगायची.

मी तेव्हा शिरपूरला एका जैन शेठजींच्या खता-बियाण्याच्या दुकानात कामाला होतो. अक्षर बरं आणि संध्याकाळी करायला काही नाही, एवढ्या पात्रतेवर अध्यक्षांनी मला मंडळाचा चिटणीस करून टाकलं. मी म्हटलं, "अहो, मी खत फेकत नाही, नुसतं विकतो." तर म्हणाले, "म्हनूनच. तुले वाटनीत काई पायजे नाई. बस खाली."

बसायचं मात्र फक्त ऐकणाऱ्यानं. मंडळाच्या सभेत बोलायचं असेल तर उभं राहायचं, मातीनं भरलेलं लोखंडी घमेलं उचलून कमरेवर धरायचं, आणि ते धरवेल तोवर बोलायचं. हात भरून आला, घमेलं टेकलं, की भाषण संपलं. हा नियम अध्यक्षांच्या डोक्यातून निघाला होता आणि जगात दुसऱ्या कुठल्या मंडळात असेल असं मला वाटत नाही. त्यामागचं त्यांचं म्हणणं असं, की ज्याला घमेलं पेलत नाही त्याला खताविषयी बोलायचा हक्क काय? आणि ज्याला पेलतं, त्यानंही मुद्द्याचंच बोलावं. मी आयुष्यात पुढे पुष्कळ सभा पाहिल्या, खुर्च्यांवरच्या, गाद्यांवरच्या, माईकवरच्या. प्रत्येक सभेत मला ते घमेलं आठवलं आहे.

एकदा अकोल्याहून शेतीखात्याचे एक साहेब आले. मंडळाचं नाव ऐकून त्यांना कौतुक वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "आपलं कार्यालय कुठं आहे?" अध्यक्षांनी घमेलं उचलून दाखवलं. साहेब हसले. त्यांना वाटलं, गावठी विनोद असेल. मग मार्गदर्शन करायला उभे राहिले, तर अध्यक्षांनी अदबीनं तेच घमेलं त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी नत्र म्हणजे काय इथून सुरुवात केली. नत्रावरून ते स्फुरदावर आले आणि पालाशाला पोचायच्या आत घमेलं खाली आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणूस मोठ्या मनाचा, रुमालानं शर्ट पुसत म्हणाला, "इतक्या टाळ्या मला आजवर मिळाल्या नव्हत्या." अध्यक्षांनी त्यांना घरी नेऊन भाकरी आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा खाऊ घातला.

घरीही त्यांना अध्यक्षच म्हणत. ही त्यांच्या बायकोची करणी. उंच, रोखठोक बाई. मंडळात ती नवऱ्याच्या शेजारची पात धरायची, म्हणजे खत फेकत जायचा शेजारचा पट्टा तिचा असायचा. "अध्यक्ष, पानी आनता का ठराव पास करू?" असं ती भर आळीत ओरडायची. अध्यक्ष मुकाट्यानं घागर उचलायचे. त्यांच्यासोबत चालणं ही एक शिक्षाच होती. सवयीनं ते शेजाऱ्यापासून दोन हातांचं अंतर ठेवून चालायचे, कारण वावरात दोन फेकणाऱ्यांमध्ये तेवढं अंतर लागतं. जवळ गेलात की ते सरकायचे. त्यामुळे मंडळाची सगळी गुपितं आम्ही रस्ताभर ओरडून बोलायचो, आणि शिरपूरच्या बाजारातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ती माझ्याआधी पाठ असायची.

बोलणं त्यांचं तुटक, पण लक्षात राहणारं. "खत म्हंजे कवतिक हाय," ते म्हणायचे. "एकाच पोराले सारं देल्लं त थे पोरगं बिघडते, अन् बाकीचे रडते." वारा सुटला की काम बंद, मग मालक कितीही ओरडो. "वाऱ्याच्या हातात मूठ देल्ली त थो शेजाऱ्याच्या वावरात दान करते." आणि काम झाल्यावर पंधरवड्यानं अख्खं मंडळ ते वावर पाहायला जायचं. हा त्यांचा सर्वांत कडक नियम होता. युरिया पडल्यावर तेवढ्या दिवसांत ज्वारी बोलायला लागते. जिथे मूठ चुकली तिथे पिवळा पट्टा, जिथे जास्त झाली तिथे काळपट हिरवा. कुणाची पात कुठली हे सगळ्यांना माहीत असायचं, तेव्हा पुरावा मागायची सोय नव्हती. ज्याच्या पातीत पट्टे, तो हंगामभर शेपटीला. शेपटी म्हणजे ओळीचं डावं टोक. आणि शेपटीवाल्याला मंडळात कुठलंही पद नाही.

ओळीच्या उजव्या टोकाला म्होरक्या. म्होरक्या अर्थात अध्यक्ष. सगळे खताचं घमेलं कमरेवर घेऊन एका रेषेत उभे राहायचे, अध्यक्ष "हां!" म्हणायचे, आणि त्यांच्या पावलाला सगळ्यांचं पाऊल, त्यांच्या हाताला सगळ्यांचा हात. दर दुसऱ्या पावलाला एक मूठ. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून मी ते कितीदा पाहिलं आहे. पाचपंचवीस हात एकदम उठायचे आणि पांढरं खत एकदम सुटायचं. मला खतातलं काही कळत नव्हतं, पण ते बघताना ऊर भरून यायचा हे खरं. म्होरक्याच्या वर कुणी बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम. "वरात नाई हे, ज्यानं त्यानं आपल्या तालावर नाचाले," ते म्हणायचे.

हा नियमच पुढे त्यांच्या अंगाशी आला.

जऊळक्याच्या बाजूला एका देशमुखांची मोठी जमीन होती. आजवर ते आपल्या गड्यांकडूनच खत टाकून घ्यायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांनी मंडळाला बोलावलं. अध्यक्षांचा आनंद गगनात मावेना. देशमुखांचं वावर रस्त्याला लागून. जाणारी-येणारी प्रत्येक एस. टी. ते पाहणार. तिथे काम चांगलं झालं, तर भोवतालच्या सगळ्या गावांतून मंडळाला बोलावणी येणार होती. बिघडलं, तर खत फेकायला मंडळ कशाला हवं, आपले गडी काय वाईट, असं प्रत्येक जण म्हणणार होता. अध्यक्ष मला दुकानात येऊन म्हणाले, "या वावरावर मंडळ जगते नाईतर मरते."

काम झालं तेव्हा मी तिथे नव्हतो. शेठजींनी मला कारंज्याला माल आणायला पाठवलं होतं. परत आल्यावर अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, "फस्कलास." त्यानंतर चांगला पाऊसही झाला. पंधरवड्यानं आम्ही सगळे पाहणीला निघालो. अध्यक्षांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं.

धुऱ्यावर चढलो. समोर ज्वारी नव्हती, गोधडी होती. एक रुंद पट्टा अलीकडे पिवळट आणि पलीकडे गर्द हिरवा. त्याच्या शेजारचा बरोबर उलटा, अलीकडे गर्द आणि पलीकडे पिवळट. मग पुन्हा पहिल्यासारखा. एखाद्याची पात चुकली असती तर एक बारीक रेघ दिसली असती. इथे अख्खी ओळच्या ओळ चुकली होती, आणि तीही सगळ्यांची सारखीच.

मला काही समजेना. बाकीचे मात्र एकमेकांकडे न बघता पायाखालचं गवत बघत होते. मग मंडळातला एक जण, तोंडाचा पट्टा सैल असलेला एक टांगेवाला होता, तो अध्यक्षांकडे वळला. "खतच खराब व्हतं. बोरीत ओलं झालतं. देशमुख येतीन त आपुन हेच सांगू. काय म्हन्ता अध्यक्ष?" दोघा-तिघांनी माना डोलावल्या. खत आमच्या दुकानातलं, कोरडं खणखणीत. शेठजींचं नाव जाणार आणि माझी नोकरीही. मी काही बोलायच्या आत अध्यक्षांनी हात वर केला.

ते धुऱ्यावरून खाली उतरले आणि पिकातून चालायला लागले. तेव्हा मला दिसलं. सुरुवातीला त्यांचं पाऊल नेहमीसारखं लांब पडलं. वावराच्या मध्यावर पोचेपर्यंत उजवा गुडघा भरून आला आणि पाऊल आखूड व्हायला लागलं. पलीकडच्या धुऱ्यापर्यंत ते जेमतेम वीतवीत सरकत गेले. तिथे बसून दम घेतला, परत निघाले, तर पुन्हा पहिल्यासारखी लांब पावलं. खत टाकलं त्या दिवशीही हेच झालं होतं. पाऊल लांब तिथे खत विरळ, पाऊल आखूड तिथे दाट. आणि ओळीनं नियमाप्रमाणे त्यांच्या पावलाला पाऊल दिलं होतं. अध्यक्ष लंगडले म्हणून अख्खं मंडळ लंगडलं, आणि पंधरवड्यानं देशमुखांची ज्वारी त्या लंगडण्याची चाल रस्त्यावरच्या एस. ट्यांना दाखवत उभी होती.

परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटलं होतं आता सगळ्यांचा उद्धार होणार. पण ते धुऱ्याजवळच्या एका जागी वाकून बघत होते. प्रत्येक रुंद पट्ट्याच्या कडेला एक अरुंद पात होती, एवढीशी. ती या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सारखी हिरवी होती. कुठे पिवळी नाही की कुठे काळपट नाही.

"हे शेपटीची पात," ते म्हणाले. "शेपटीले कोन व्हतं?"

सांगायची गरज नव्हती. त्यांची सून डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून सासूच्या मागे सरकली होती. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. नवी माणसं शेपटीलाच लागायची, म्हणून ती तिथे होती. आमच्याकडे तेव्हा सून सासऱ्यासमोर बोलत नसे, उभीसुद्धा राहत नसे. पाणी हवं का हेही सासूमार्फत विचारायचं.

तेवढ्यात देशमुख आलेच. रस्त्यावर सायकल उभी करून त्यांनी वावर पाहिलं आणि येऊन आमच्याजवळ उभे राहिले. टांगेवाला घाईघाईनं पुढे झाला. "देशमुखसाहेब, खतच..."

"घमेलं घेतलं का हातात?" अध्यक्षांनी त्याला विचारलं. "नाई ना? मंग बस खाली."

मंडळ पाहणीला जायचं तिथे घमेलंही जायचं. अध्यक्षांनी धुऱ्यावरची माती त्यात भरली, ते कमरेवर घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्यावर उभे राहिले. "देशमुखसाहेब, खत चांगलं व्हतं. वाराही नव्हता. माह्या गुडघ्यानं दगा देल्ला, अन् मले कळलं नाई. कळलं व्हतं, पन म्या मानलं नाई." मग सुनेच्या दिशेनं न बघता बायकोला म्हणाले, "तिले विचार. तिची पात सारखी कशी आली?"

सासूनं मागे वळून विचारलं. सून काही पुटपुटली. "नाई, असं नाई," अध्यक्ष म्हणाले. "सभा हाय. घमेलं दे तिले."

मला वाटलं, ती रडेल. तिनं पदराचं टोक दातात धरलं, घमेलं उचलून कमरेवर घेतलं, आणि सासऱ्याकडे पाठ करून ज्वारीकडे बघत बोलली. आवाज बारीक, पण प्रत्येक शब्द सगळ्यांना ऐकू आला. "मामाजीचं पाऊल आखूड होऊन राह्यलं व्हतं. नेम हाय म्हनून म्या पाऊल तसंच टाकलं. पाऊल आखूड झालं त म्या मूठ आखूड केली. लांब झालं त मोठी."

"मंग सांगतलं काहून नाई?" अध्यक्षांनी विचारलं. बायकोला मध्ये घ्यायचं ते विसरले होते.

"कशी सांगू? तुमीच म्हनता, म्होरक्याच्या वर कोनी बोलाचं नाई." तिनं पुढे जोडलं, "अन् नेम नसता तरी सासऱ्याले थांबा म्हनता येते का?"

एवढं बोलून तिनं घमेलं टेकलं. अध्यक्षांनी सगळ्या ओळीवरून नजर फिरवली. "तुमालेही दिसत व्हतं?" एकेक मान खाली जायला लागली. त्यांच्या बायकोचीसुद्धा, आणि ही बाई, जी भर आळीत त्यांना घागर उचलायला लावायची! त्या क्षणी मला अध्यक्षांची फार दया आली. गुडघ्याचं दुःख होतंच, पण अख्ख्या मंडळानं आपल्याला चुकताना पाहिलं आणि आपल्याच भीतीनं ते गप्प राहिलं, हे त्यांना झोंबलं असणार.

पण हा माणूस असा, की झोंबलं तर तिथेच मलम शोधायचा. त्यांनी पुन्हा घमेलं घेतलं. "नेम माहा, चूकही माही. आता नवा नेम. म्होरक्या चुकला त थांबवाचं. ज्याले दिसते त्यानं."

"थांबवाचं म्हंजे कसं?" टांगेवाल्यानं विचारलं. "पोरानं बापाले, सुनेनं सासऱ्याले थांबा म्हनाचं? लोक शेन घालतीन तोंडात."

यावर बराच वाद झाला. आणि मी सांगतो, त्या मंडळाचा इतका चांगला वाद मी पुन्हा ऐकला नाही. घमेलं हातोहात फिरत होतं. कुणी म्हणालं खोकावं. खोकला तर सगळ्यांनाच येतो. कुणी म्हणालं शीळ घालावी. बायकांनी कशी घालायची? शेवटी अध्यक्षांची बायको पुढे झाली. तिनं घमेलं कमरेवर घेतलं आणि काही न बोलता त्याच्या काठावर हातातली पाटली आपटली. ठण्ण! सगळे दचकले. "घमेलं सगळ्यांजवळ असते," ती म्हणाली. "वाजवाले कोनाचं नाव घ्या लागत नाई." सगळ्यांनी एकदम हात वर केले. देशमुखांनीही केला; त्यांच्या लक्षातच राहिलं नाही की आपण मंडळात नाही.

मग अध्यक्ष म्हणाले, "माह्या पातीत पट्टे हायेत. म्या आजपासून शेपटीले, अन् शेपटीवाल्याले पद नाई. म्होरक्या ज्याची पात सारखी तो. म्हंजे ती." बोट सुनेकडे.

"बाईच्या मांगं चालाचं?" कुणीतरी कुरकुरलं.

"ओळीत मांगं-पुढं कोन असते बे?" अध्यक्ष कडाडले. "ओळीत सारे बाजूले असते!" एवढं बोलून त्यांच्या लक्षात आलं असावं, की आता आपल्याला ओरडायचा अधिकार नाही. ते खाली बसले आणि त्यांनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण सासऱ्यानं सुनेकडे बघायचं नसतं.

देशमुख आतापर्यंत मिशीवरून हात फिरवत उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून होतो. मंडळाचं मरण-जगणं तिथे होतं. ते म्हणाले, "खत खराब व्हतं म्हनले असते त म्या तुमाले रस्त्यावर घातलं असतं. माह्या घरी बोऱ्या उरल्या हायेत. पिवळं हाय तिथं पुन्हा टाका. आज वारा नाई. नवीन म्होरकीले म्हना, चाल."

बैलगाडी जाऊन बोऱ्या आणि सगळ्यांपुरती घमेली आली. ओळ लागली. उजव्या टोकाला, जिथे इतकी वर्षं अध्यक्ष उभे राहायचे, तिथे पदर कमरेला खोचलेली ती पोर. डाव्या टोकाला अध्यक्ष. "हां!" म्हणायला तिचा आवाज निघेना, म्हणून तिच्या शेजारून सासूनं म्हटलं. पाऊल पडलं, हात उठले. पहिला पट्टा नीट गेला, दुसराही. मी धुऱ्यावरून अध्यक्षांकडे बघत होतो. गुडघा दुखत होता, पण त्यांनी ओळ सोडली नाही. आणि मला वाटलं, हा माणूस आता एकदम म्हातारा दिसतो आहे.

तिसऱ्या पट्ट्याच्या मध्यावर ठण्ण वाजलं.

ओळ थांबली. मान वळवून बघतो तर वाजवणारी सूनच होती. तिनं आपली मूठ वर केली, बोटं जरा सैल करून ती लहान केली, आणि शेपटीकडे दाखवली. अध्यक्षांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. पाऊल आखूड पडतं म्हणून कमी खत पडू नये, अशा उलट्या हिशेबानं ते मूठ भरभरून फेकत होते. त्यांनी मूठ सैल केली, थोडं खत घमेल्यात परत सोडलं, आणि ती दिसावी म्हणून हात उंच धरला. सुनेनं मान हलवली. तोवर ते एक पाऊलही हलले नाहीत.

पुढे ती पोर बरीच वर्षं मंडळाची म्होरकी होती आणि अध्यक्षही तीच. पहिल्या दोनेक सभांत ती सासूमार्फत बोलली, नंतर सासूची गरज पडेनाशी झाली. देशमुखांच्या वावरानंतर आसपासच्या गावांतून बोलावणी आली, ती पुरी करता करता मंडळात माणसं वाढली. पण मला आठवतो तो त्या पाहणीच्या संध्याकाळचा शिरपूरचा बाजार. अध्यक्ष सगळ्यांपासून दोन हात लांब, लंगडत लंगडत, पानवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत प्रत्येकाच्या दारात थांबत होते. आमच्या दुकानाशी आले. शेठजी गादीवर बसले होते. त्यांना हात जोडून, पोरगं मॅट्रिक पास झाल्यावर बाप सांगतो त्या तोऱ्यात ते म्हणाले, "शेठजी, आयकलं का? आज आमच्या मंडळानं मले थांबवलं."